झिप केली तरी फाइल तेवढीच का?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. फोंड्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी कागदपत्रं सांभाळते. आमचे बरेच क्लायंट आखातात नाहीतर इंग्लंडात असतात. चवथीला गावात यायच्या आधी सगळे कागद एकदम मागतात. परवा विक्रीखत, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हे प्लॅन असे स्कॅन एकत्र झिप केले, तर ४६ एमबीचे जेमतेम ४५ झाले आणि मेल गेलीच नाही. ऑफिसातले एक जण म्हणतात, झिप केल्याने स्कॅनची प्रत बिघडते. खरं का? झिपमध्येच उघडून दुरुस्त केलेलं एस्टिमेट माझ्या हातून गायब झालं. एका क्लायंटने ड्रॉइंग उघडलं तर निम्मं कोरं दिसलं, दुसऱ्याची झिप उघडलीच नाही. आधार कार्डं पाठवताना पासवर्ड कसा घालायचा? आणि विनरार विकत घ्यावं का?

– एक वाचक, फोंडा

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या निम्म्या अडचणींचं मूळ एकच आहे: झिप म्हणजे फाइल लहान करायचं साधन, असं ऑफिसात सगळे धरून चालतात. झिपचं पहिलं काम अनेक फाइली आणि फोल्डर एका फाइलीत बांधायचं. बांधताना जमेल तिथे ती जागा वाचवते. बांधणं दरवेळी नीट होतं. जागा किती वाचेल हे मात्र आत काय घातलंय त्यावर ठरतं.

जागा वाचते ती पुनरावृत्तीतून. झिपमध्ये सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे डिफ्लेट. ती फाइल वाचत पुढे जाते आणि समोरचा मजकूर मागच्या ३२ केबीत येऊन गेलाय का ते बघते. आला असेल तर पुन्हा न लिहिता ‘इतकं मागे जा, तिथून इतके बाइट उचल’ एवढी खूण ठेवते. एका खुणेत ३ ते २५८ बाइट बसतात. मग जे वारंवार येतं त्याला आखूड संकेत आणि जे क्वचित येतं त्याला लांब संकेत दिला जातो. पहिली कल्पना लेंपेल आणि झिव यांची, १९७७ ची. दुसरी हफमन यांची, १९५२ ची. फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये झिपचा साचा आणला आणि पुढे त्यात या दोन्हींची सांगड घातली. मराठी मजकूर या पद्धतीत फार चांगला दबतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. त्यातला पहिला बाइट नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. म्हणजे पुनरावृत्ती लिपीतच भरलेली आहे.

म्हणून साध्या मजकुराची फाइल, हिशेबाच्या प्रोग्रामातून काढलेली सीएसव्ही किंवा एक्सएमएल, ऑटोकॅडची डीएक्सएफ, बीएमपी चित्र हे सगळं झिपमध्ये भरपूर लहान होतं. जेपीजी फोटो, एमपी-४ व्हिडिओ आणि स्कॅन केलेली पीडीएफ मात्र आधीच दाबलेली असतात. स्कॅनरने प्रत्येक पान जेपीजी करून पीडीएफमध्ये ठेवलेलं असतं. त्यात झिपला सापडावी अशी पुनरावृत्ती उरलेली नसते. सोललेला नारळ पुन्हा सोलता येत नाही, तसंच हे. तुमचे ४६ चे ४५ झाले ते याचमुळे. दोनदा झिप केलं, जास्तीत जास्त दाबायचा ‘अल्ट्रा’ पर्याय निवडला किंवा प्रोग्राम बदलला तरी फरक पडणार नाही, वेळ तेवढा जाईल. वर्ड आणि एक्सेलच्या २००७ पासूनच्या फाइली, म्हणजे डीओसीएक्स आणि एक्सएलएसएक्स, तर स्वतःच आतून झिप असतात.

याचा एक फायदा तुमच्या कामात रोज होईल. क्लायंट साइटचे फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवतात ना? त्या फाइलीची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं डीओसीएक्स खोडून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत ‘वर्ड’ फोल्डर, त्यात ‘मीडिया’ फोल्डर, आणि त्यात सगळे फोटो सुटे मिळतात. एकेक फोटो राइट क्लिक करून सेव्ह करत बसायला नको. नावाचा शेवट दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. ती खूण तशीच राहू द्या, पुढे तिचं काम आहे.

आता प्रत बिघडण्याबद्दल. झिपने स्कॅनची प्रत बिघडत नाही, कधीच नाही. एक्स्ट्रॅक्ट केल्यावर मूळ फाइल बाइटन् बाइट तशीच परत येते, आणि ती तशी आली का हे तपासायला झिपमध्ये प्रत्येक फाइलीचा सीआरसी-३२ हा पडताळा आकडा साठवलेला असतो. प्रत बिघडते ती दुसऱ्या वाटांनी: व्हॉट्सॲपवर कागद ‘फोटो’ म्हणून पाठवला की ॲप तो लहान करतं, किंवा ‘पीडीएफ कॉम्प्रेस करा’ म्हणणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाने पानांचं रिझोल्यूशन उतरवलेलं असतं. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेला कागद जसाच्या तसा पोचतो. मालमत्तेची कागदपत्रं मात्र अनोळखी संकेतस्थळावर चढवूच नका.

आकार कमी करायचा तर स्कॅनरच्या सेटिंगपासून सुरुवात करावी लागते. हिशेब बघा. ए-४ पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, जवळपास ८७ लाख. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट, म्हणजे कच्चा आकार २६ एमबी. ग्रेस्केलमध्ये १ बाइट, म्हणजे ८.७ एमबी. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात एका बाइटमध्ये ८ ठिपके बसतात, म्हणजे १.१ एमबीच्याही आत, आणि फॅक्सच्या ग्रुप-४ पद्धतीने दाबलेलं टाइप केलेलं पान त्यानंतर बहुतेक वेळा शंभर केबीच्या खालीच राहतं. डीपीआय ३०० वरून ६०० केला तर ठिपके दुप्पट होत नाहीत, चौपट होतात. तुमच्या स्कॅनरवर कुणीतरी ६०० आणि रंगीत हे कायमचं लावून ठेवलंय का, ते आधी बघा. बऱ्याच ऑफिसांत दुखणं तिथेच असतं.

टाइप केलेलं विक्रीखत आणि छापील उतारा ३०० डीपीआय काळ्या-पांढऱ्यात उत्तम येतो. सर्व्हे प्लॅनवर रंगीत रेषा किंवा हाताने केलेल्या खुणा असतील तर रंगीतच घ्या, पण ३०० पुरे. पोर्तुगीज काळातले हाताने लिहिलेले दस्त मात्र कधीही काळ्या-पांढऱ्यात घेऊ नका. फिकट शाई आणि पुसट शिक्के त्यात पांढऱ्यात जमा होतात, आणि जे गेलं ते पुन्हा कागद हाती आल्याशिवाय मिळत नाही. ते ग्रेस्केल किंवा रंगीत, ३०० ते ४०० डीपीआयला घ्या आणि ती मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. मेलसाठी हलकी प्रत लागली तर ती वेगळ्या नावाने करा, मूळ प्रतीवर सेव्ह करू नका.

मेल न जाण्याचं गणित असं. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमधून जाताना अटॅचमेंट अक्षरांत बदलली जाते; ३ बाइटची ४ अक्षरं होतात, वर ओळी तोडायची चिन्हं. एकूण ३५ टक्क्यांच्या आसपास वाढ. त्यामुळे तुमच्या डिस्कवर फाइल १८ एमबीच्या आत असेल तरच निर्धास्त पाठवा. त्यापेक्षा मोठी असेल तर ड्राइव्हवर चढवून लिंक द्या, आणि लिंक ‘एनीवन विथ द लिंक’ न ठेवता क्लायंटच्या मेल पत्त्यापुरतीच उघडी ठेवा.

काही जण मोठ्या झिपचे तुकडे करून पाठवायला सांगतात. सेव्हन-झिप या फुकट प्रोग्राममध्ये ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’ या रकान्यात १५एम लिहिलं की १५-१५ एमबीचे ००१, ००२ असे भाग होतात. पण त्यातला एक जरी भाग पोचला नाही तर बाकीच्यांचा उपयोग नाही. शिवाय ते जोडायला समोरच्याकडेही सेव्हन-झिपसारखा प्रोग्राम लागतो; विंडोजला नुसता ००१ भाग उघडता येत नाही. क्लायंटसाठी सरळ विषयवार वेगवेगळ्या झिप करा: मालकीचे कागद एका झिपमध्ये, ड्रॉइंग दुसऱ्यात, फोटो तिसऱ्यात. प्रत्येक झिप आपली आपण उघडते.

एस्टिमेटचं दुःख तुमच्या एकटीचं नाही. झिप वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ऑफिसात हे होतं. झिपवर डबल क्लिक केलं की विंडोज ती साध्या फोल्डरसारखी दाखवतं, म्हणून आपण आतली एक्सेल सरळ उघडतो. खरं तर तेव्हा विंडोज त्या फाइलीची तात्पुरती प्रत टेम्प फोल्डरमध्ये काढून ती दाखवत असतं. तुम्ही केलेली दुरुस्ती झिपमध्ये परत जात नाही. वरच्या पट्टीवर ‘रीड ओन्ली’ दिसलं की समजा, आपण प्रतीवर आहोत. हरवलेली फाइल शोधायची असेल तर आधी एक्सेलमधली ‘रीसेंट’ यादी बघा. मग विंडोजचं बटण आणि आर हे अक्षर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत टेम्प हा शब्द इंग्रजीत, मागेपुढे टक्क्याचं चिन्ह लावून लिहा आणि एंटर करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये ‘टेम्प१’ने सुरू होणारं आणि पुढे तुमच्या झिपचं नाव असलेलं फोल्डर शोधा. नव्या विंडोज ११ मध्ये त्या फोल्डरचं नाव नुसती अक्षरं-आकड्यांची माळ असू शकतं, म्हणून तारखेप्रमाणे लावून बघा. डिस्क साफ करणारा प्रोग्राम अजून चालवला नसेल तर सापडण्याची बरीच आशा आहे. यापुढे नियम एकच ठेवा: आधी राइट क्लिक करून ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’, मग बाहेरच्या फोल्डरमध्ये काम.

क्लायंटच्या कोऱ्या ड्रॉइंगचं उत्तरही इथेच अर्धं आहे. ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये प्लॉटची हद्द, कॉलमची मांडणी असे भाग बहुधा एक्सरेफ म्हणून दुसऱ्या डीडब्ल्यूजी फाइलींतून जोडलेले असतात. तुम्ही फक्त मुख्य फाइल झिपमध्ये घातली तर ते भाग गेलेच नाहीत. आणि सगळ्या फाइली घातल्या तरी क्लायंटने झिपमध्येच डबल क्लिक केलं, तर टेम्पमध्ये एकटी मुख्य फाइल जाते आणि जोड तुटतात. तुमच्या बाजूने उपाय पक्का आहे. ऑटोकॅडमध्ये ‘ईट्रान्समिट’ ही कमांड द्या. मुख्य ड्रॉइंगबरोबर एक्सरेफ, फॉन्ट आणि प्लॉट स्टाइल गोळा करून ती स्वतःच झिप बनवते, आणि काही सापडलं नाही तर तेही सांगते. त्या झिपसोबत ड्रॉइंगची पीडीएफ पाठवा आणि मेलमध्ये एक ओळ लिहा: ‘आधी एक्स्ट्रॅक्ट ऑल करा, मग ड्रॉइंग उघडा.’

झिप अजिबात उघडत नसेल तर पहिला संशय अर्धवट पोचल्याचा धरा. झिपमध्ये कुठली फाइल कुठे आहे याची यादी अगदी शेवटी लिहिलेली असते. डाउनलोड ९५ टक्क्यांवर तुटला, किंवा पावसात वीज गेली आणि पेन ड्राइव्हवर कॉपी अर्धी राहिली, तर आतल्या बहुतेक फाइली शाबूत असूनही यादी गेलेली असते आणि विंडोज ‘इनव्हॅलिड’ म्हणतं. क्लायंटला फाइलीच्या ‘प्रॉपर्टीज’मधला आकार बाइटमध्ये विचारा आणि तुमच्याकडच्या आकड्याशी जुळवा. एका बाइटचा फरक असला तरी पुन्हा डाउनलोड करायला सांगा.

आकडा फारच लहान, काही केबींचाच असेल तर ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या झिपची सुरुवात पी आणि के या दोन इंग्रजी अक्षरांनी होते. ती कॅट्झ यांची आद्याक्षरं. त्याऐवजी ‘एचटीएमएल’ असा शब्द दिसला तर झिपच्या नावाखाली लॉगिनचं किंवा एररच्या संदेशाचं पान उतरलेलं आहे. तेव्हा लिंकची परवानगी तपासा.

नावांकडेही लक्ष हवं. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलीपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० चिन्हांत बसावा लागतो, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त यांतलं प्रत्येक वेगळं मोजलं जातं. नुसतं ‘श्री’ म्हणजे ४ चिन्हं. ‘श्री महालसा नारायणी कृपा निवास अंतिम नकाशा’ अशा नावाची फोल्डरं एकात एक चार घातली की एक्स्ट्रॅक्ट करताना ‘पाथ टू लाँग’ येतं. झिप थेट सी ड्राइव्हवर दोन अक्षरी फोल्डर करून त्यात एक्स्ट्रॅक्ट केली की बहुतेक वेळा काम होतं. जुन्या प्रोग्रामांत देवनागरी नावांचे प्रश्नचिन्ह आणि चौकोन होतात, म्हणून बाहेर पाठवायच्या फाइलींना रोमन लिपीत छोटं नाव द्या: आधी वर्ष-महिना-दिवस, मग सर्व्हे नंबर, मग कागदाचा प्रकार. असं नाव लावलं की यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

आता पासवर्ड. आधारसाठी आधी एक पायरी वाचवा: क्लायंटकडून मास्क्ड आधार मागा. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात आणि बऱ्याच कामांना ते चालतं. बाकी कागदांसाठी विंडोजची स्वतःची झिप सोय पासवर्ड घालू देत नाही, म्हणून सेव्हन-झिप घ्या. फाइली निवडा, राइट क्लिक करून ‘सेव्हन-झिप’, मग ‘ॲड टू आर्काइव्ह’. ‘आर्काइव्ह फॉरमॅट’मध्ये झिप ठेवा, पासवर्ड दोनदा लिहा, आणि ‘एन्क्रिप्शन मेथड’मध्ये ‘झिपक्रिप्टो’ असेल तर बदलून ‘एईएस-२५६’ करा. हा बदल विसरू नका. झिपक्रिप्टो ही जुनी पद्धत आहे. आतल्या फाइलीचा थोडा भाग ठाऊक असला की ती पासवर्डशिवायही फोडता येते, हे १९९४ मध्येच दाखवलं गेलं आहे.

एईएसची अडचण एवढीच की विंडोजला ती झिप स्वतःहून उघडता येत नाही आणि ‘अनस्पेसिफाइड एरर’ येतो. क्लायंटला सेव्हन-झिप घ्यायला सांगा. मॅक असेल तर केका किंवा द अनआर्काइव्हर. ‘उघडत नाही’ म्हटल्यावर पासवर्ड काढून तेच कागद पुन्हा पाठवायची घाई करू नका.

पासवर्ड असला तरी झिपमधल्या फाइलींची नावं कुणालाही वाचता येतात. म्हणून आतल्या फाइलीच्या नावात आधार क्रमांक किंवा खातं क्रमांक लिहू नका. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या सेव्हन-झेड साच्यात नावं झाकायचा पर्याय आहे, पण नावं झाकलेली फाइल जीमेल अडवतं. चार आकडी पासवर्ड म्हणजे फक्त दहा हजार शक्यता. संगणकाला त्या क्षणात संपवता येतात. मोबाइल नंबर आणि जन्मतारीखही नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडा. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहू नका. फोन करून सांगा. आणि ऑफिसच्या वहीत नोंदवा, कारण एईएसचा पासवर्ड विसरला तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही.

पाठवायच्या आधी दहा सेकंदांचं एक काम: झिपवर राइट क्लिक, ‘सेव्हन-झिप’, ‘टेस्ट आर्काइव्ह’. ती प्रत्येक फाइल उलगडून सीआरसी जुळवते. आत काय घालायचं राहिलं ते तिला कळत नाही, ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

येणाऱ्या झिपबाबत सावध राहा, विशेषतः ‘बिल’ किंवा ‘टेंडर’ नावाने अनोळखी पत्त्यावरून आलेल्या. पासवर्ड लावलेली झिप आणि त्याच मेलमध्ये लिहिलेला पासवर्ड ही वाईट खूण आहे. अँटीव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून भामटे तसं करतात. नावांचा शेवट दिसू द्या म्हटलं ते यासाठीच. पीडीएफ दिसणाऱ्या नावाच्या शेवटी ईएक्सई, जेएस किंवा एलएनके असेल तर हात लावू नका.

विनरार आता विकत घ्यायची गरज मला दिसत नाही. त्याची चाचणीची मुदत ४० दिवसांची आहे आणि पुढे ऑफिसात वापरायला परवाना लागतो. सेव्हन-झिप ऑफिसच्या कामालाही फुकट आहे. ते फक्त सेव्हन-झिप डॉट ऑर्ग (7-zip.org) या मूळ ठिकाणाहून घ्या, मिळत्याजुळत्या नावांच्या ठिकाणांवरून नको. ते स्वतःहून अद्ययावत होत नाही. २०२५ मध्येच त्याच्या २५.०१ आवृत्तीत आणि विनरारच्या ७.१३ आवृत्तीत सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त झाल्या. ऑफिसातल्या संगणकांवर याहून जुनं काही असेल तर आजच बदला. जुन्या कामांच्या, विनरारने बनवलेल्या रार फाइली सेव्हन-झिप उघडतं, फक्त नवी रार बनवत नाही. पण नवी रार बनवूच नका, झिपच बनवा. झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगवेगळी दाबलेली असते. त्यामुळे वीस वर्षांनी डिस्कचा एखादा कोपरा खराब झाला तरी बहुतेक वेळा एखादाच कागद जातो, पूर्ण प्रकल्प जात नाही.